एसटीतल्या कानासाठी जर्मनचे धडे

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला रोज ये-जा करणाऱ्याचे दोन-अडीच तास एसटीत जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यानंतर जर्मनकडे वळलेल्यांना हा वेळ अभ्यासाला वापरता येईल. अडचण एवढीच, की अभ्यासक्रमासोबतचं ध्वनिमुद्रण शांत खोलीत ऐकण्यासाठी केलेलं असतं.

डिझेल बसची घरघर मुख्यतः खालच्या कंप्रतेची असते, आणि असा जोरकस खालचा आवाज वरच्या आवाजांनाही झाकून टाकतो. 'स', 'श' ओळखू येतात ते २००० हर्ट्झच्या वरच्या भागामुळे. म्हणून बसमध्ये स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं गळतात. 'मी' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या (ich) शेवटी एक मऊ घर्षण आहे. ते मराठीत नाही, त्यामुळे कान अंदाजानेही भरून काढत नाही. आवाज वाढवावा, तर पुढच्याच मोठ्या वाक्याला कान किटतात.

इलाज म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणं. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. आधी दोन्ही चॅनेल एक करून मोनो करा. काही संवादांत एक माणूस डाव्या कानात असतो, दुसरा उजव्या. आणि कंडक्टरची हाक ऐकायला आपण एक कान मोकळा ठेवतो, म्हणजे अर्धा संवाद गेलाच. (दुचाकीवर मात्र दोन्ही कान मोकळेच हवेत.) मग हाय-पास फिल्टर (ठरावीक कंप्रतेखालचा आवाज अडवणारी चाळणी) ८० हर्ट्झवर लावा, म्हणजे टेबलाचे धक्के जातील. त्यावर मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर ३:१, आणि शेवटी लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी सरासरी पातळी, उणे १६ एलयूएफएसला (हे तिचं एकक) आणा. शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे १ डेसिबलच्या खालीच राहू द्या, कारण एमपीथ्री करताना ते थोडं वर चढतं आणि आवाज फाटतो.

खरी मेहनत शांततेवर आहे. मूळ धड्यातली पानं उलटण्यासाठीची लांब रिकामी जागा ऑडॅसिटीतल्या 'ट्रंकेट सायलेन्स'ने आवळता येते, पण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. 'त', 'क', 'प' उच्चारताना तोंड क्षणभर बंद असतं. ही साधारण ५० ते १५० मिलिसेकंदांची शांतता त्या अक्षराचाच भाग आहे. कापायच्या शांततेचा किमान कालावधी ०.१ सेकंद ठेवला की सॉफ्टवेअर तीच कापतं आणि शब्द चिकटतात. तो ०.५ सेकंद ठेवा आणि पातळी (जिच्या खालचं सगळं शांतता धरलं जातं) उणे ४० डेसिबलच्या आसपास. त्याहून वर नेली तर हळू बोललेले शब्दान्त गळतात. जर्मनमध्ये गौण वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नेमकं तेच जाणार.

आवळून झाल्यावर प्रत्येक वाक्यामागे नवी शांतता घाला: वाक्याच्या दीडपट आणि वर एक सेकंद. दोन सेकंदांच्या वाक्याला चार. शिकणारा सावकाश बोलतो, आणि आठवायलाही वेळ लागतो. त्यानंतर तेच वाक्य पुन्हा ठेवा, म्हणजे स्वतःची चूक लगेच कळेल. कापताना 'झेड' कळ दाबली की निवडीची टोकं लहरीच्या शून्यावर सरकतात. नाहीतर प्रत्येक जोडावर 'टक्' ऐकू येतं.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये उजळणीची अंतरं सुचवली होती: ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं, मग तास, दिवस. पहिली तीन एकाच फाइलीत सहज बसतात. नवं वाक्य कॉपी करून त्या-त्या जागी चिकटवायचं. अगदी सेकंद मोजत बसायची गरज नाही.

वेग कमी करायचा मोह आवरा. करायचाच तर 'टेम्पो' बदला, 'स्पीड' नाही. स्पीडने सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा आवाज जाड होतो. टेम्पोसुद्धा ८५ टक्क्यांच्या खाली नेला तर 'ट', 'प' फेसाळतात, कारण सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे दुहेरी करून लांबी भरतं.

निर्यात मोनो एमपीथ्री, ६४ केबीपीएस. तासाला साधारण २९ एमबी. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही या न आवळलेल्या प्रकारात जपा, एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री करत गेलात तर दर खेपेला बारीक घर्षणं झिजतात. फाइल १०-१२ मिनिटांची ठेवा आणि नावं ०१, ०२ अशी द्या. नुसतं १, २ लिहिलं तर कित्येक फोन १ नंतर थेट १० वाजवतात.