निवासी सेवांवरची देखरेख : आतून आलेल्या तक्रारींनी घडवलेले नियम

बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींच्या निवासी सेवांवर आज अनेक ठिकाणी परवाने, अचानक भेटी, प्रत्येकाचा स्वतंत्र आराखडा आणि हक्क समिती अशी देखरेख असते. यातले बरेचसे नियम अत्याचार उघडकीला आल्यानंतर झाले. ते उघडकीला आणणारे बहुधा आतले कर्मचारी, पालक किंवा पत्रकार होते. तपासणी अधिकारी क्वचितच.

अमेरिकेत १८४८ मध्ये सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये अशा मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा हेतू शिकवून घरी पाठवण्याचा होता. पुढच्या काही दशकांत अशा शाळांचे कायमचे कोंडवाडे झाले. अधीक्षकच संस्था चालवायचा आणि तक्रारींचा निवाडाही तोच करायचा.

ब्रिटनची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तिथे १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जुने नियंत्रण मंडळ बरखास्त केले आणि या संस्थांकडे बाहेरून पाहणारी यंत्रणाच गेली. १९६७ मध्ये, अशा व्यक्तींना जिथे ठेवले जाई त्या कार्डिफच्या ईली रुग्णालयातल्या एका साध्या परिचारक सहाय्यकाने तिथल्या रहिवाशांना होणारी मारहाण आणि कपडे-अन्नाची चोरी वर्तमानपत्राला सांगितली. चौकशीचे अध्यक्ष जेफ्री हाऊ होते. १९६९ मध्ये त्यांचा अहवाल न कापता प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर रुग्णालयांना भेटी देणारी सल्लागार सेवा उभी राहिली. तिला ‘सल्लागार’ म्हटले, निरीक्षक नाही. हा कमकुवतपणा पुढे महागात पडला असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या विलोब्रुक या सरकारी निवासी संस्थेत चार हजारांच्या जागेत सहा हजारांहून अधिक माणसे ठेवलेली होती. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी पाहून गेले, संतापले, तरी फारसे बदलले नाही. पालकांना संघटित करणाऱ्या डॉ. मायकेल विल्किन्स यांना नोकरीवरून काढले गेले. १९७२ मध्ये त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडून पत्रकार हेराल्डो रिव्हेरा कॅमेरा घेऊन आत शिरले. पालक न्यायालयात गेले. १९७५ च्या तडजोडीने रहिवाशांना छोट्या घरांमध्ये हलवायचे ठरले, आणि अंमलबजावणीवर स्वतंत्र समिती नेमली. १९८७ मध्ये विलोब्रुक बंद झाले.

त्याच काळात अलाबामात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी अशाच सरकारी संस्थांच्या दुरवस्थेवरच्या वायट खटल्यात किमान निकष घालून दिले: किती रहिवाशांमागे किती कर्मचारी, प्रत्येकाचा लेखी आराखडा, मानवी हक्क समिती. आजच्या पर्यवेक्षकाच्या टेबलावर असतात ते अनेक कागद इथून आले. १९८० च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेच्या न्याय विभागाला अशा सरकारी संस्थांची चौकशी करून खटला भरण्याचा अधिकार मिळाला.

पण कागद नीट असणे म्हणजे वागणूक नीट असणे नव्हे. ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे अशा व्यक्तींसाठीचे खासगी रुग्णालय नोंदणीकृत होते, तपासले गेलेले होते, फक्त २४ खाटांचे होते. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने २०१० मध्ये व्यवस्थापनाला आणि नियामक आयोगाला कळवले. दखल घेतली गेली नाही. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने मारहाण आणि छळ दाखवला. पुढच्या वर्षी अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. संस्था लहान केली की प्रश्न सुटतो, ही समजूतही इथे कोसळली. चार-पाच जणांच्या घरात तर रात्रपाळीला कधी एकच काळजीवाहक असतो. तो काय करतो हे पाहणारे दुसरे कुणी नसते. म्हणून नियामकाच्या भेटीपेक्षा त्या घराच्या पर्यवेक्षकाची जागा मला अधिक मोलाची वाटते. अवेळी जाऊन बसणे, बोलू न शकणाऱ्या माणसाच्या अंगावरचा नवा वळ किंवा अचानक आलेला अबोला वाचणे, आणि तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणे, हे त्याच्याशिवाय कुणाला जमणार?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम १६ ने अशा सर्व सेवांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख बंधनकारक केली. कलम १९ तर कुठे आणि कुणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क मान्य करते. त्यामुळे घर स्वच्छ आहे का, औषधे वेळेवर दिली का, एवढ्यावर तपासणी थांबवता येत नाही. खोलीतला जोडीदार कुणी निवडला, हेही विचारावे लागते.