महाविद्यालयीन बेसबॉल व सॉफ्टबॉल : खेळाडूंची पात्रता (अमेरिका)

अमेरिकेत महाविद्यालयाच्या संघातून बेसबॉल (मुलगे) किंवा सॉफ्टबॉल (मुली) खेळण्यासाठी पाळाव्या लागणाऱ्या अटी. बहुतेक मोठ्या विद्यापीठांसाठी त्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए, स्थापना १९०६) ठरवते.

पहिली चाळणी शाळेतच लागते. स्पर्धांच्या सर्वोच्च अशा प्रथम श्रेणीत (डिव्हिजन वन) खेळण्यासाठी १६ मूलभूत विषय आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. पुढे प्रत्येक सत्रात किमान ६ क्रेडिट मिळवावी लागतात आणि तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी पदवीचा ४० टक्के भाग पुरा करावा लागतो. एटीकेटीवर पुढे सरकण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हे कडक वाटेल. पण मागे पडलेला विद्यार्थी तिथेही वर्गात बसू शकतो, मैदानात मात्र उतरू शकत नाही.

प्रथम श्रेणीत २०२५ पर्यंतचा मुख्य नियम पाच वर्षांत चार हंगाम असा आहे. प्रवेश घेतल्यापासून ही मुदत चालू होते आणि शिक्षण मध्ये थांबवले तरी सहसा थांबत नाही. एखाद्या वर्षी सामने न खेळता फक्त सराव केला, तर तो हंगाम शिल्लक राहतो. त्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. गरोदरपणासाठी महिला खेळाडूला एक वर्ष वाढवून मिळू शकते. ही तरतूद फार मोलाची आहे. कोविडमुळे २०२० चा हंगाम बुडाला, तेव्हा दोन्ही खेळांतील खेळाडूंना तो परत देण्यात आला.

बेसबॉलची खरी गुंतागुंत व्यावसायिक क्लबांकडून होणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) आहे. शाळा संपताच मुलाची निवड होऊ शकते. पण तो चार वर्षांच्या महाविद्यालयात गेला, तर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत थांबावे लागते. ॲंडी ऑलिव्हर या गोलंदाजाची २००६ मध्ये मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक क्लबने निवड केली. क्लबशी झालेल्या बोलण्यांत त्याचा वकील हजर होता, एवढ्या कारणावरून २००८ मध्ये त्याला अपात्र ठरवण्यात आले. अठरा वर्षांच्या मुलाने क्लबसमोर एकट्याने बसावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती. ओहायोच्या न्यायालयाने २००९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ७,५०,००० डॉलरवर तडजोड झाली. शाळेतून निवडल्या गेलेल्या मुलांना २०१६ पासून प्रतिनिधीमार्फत बोलणी करता येतात.

२०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर व प्रसिद्धीवर पैसे मिळवू शकतात. २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर, तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत बेसबॉलसाठी ११.७ आणि सॉफ्टबॉलसाठी १२ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली. त्याऐवजी संघात अनुक्रमे ३४ व २५ खेळाडूंचीच मर्यादा आली. त्यामुळे सर्व अटी पुऱ्या करूनही संघात जागा न मिळण्याची वेळ काही खेळाडूंवर येते.