उन्हाळ्यात बॅटरी शंभरवर का ठेवू नये

नवा फोन आधी आठ तास चार्ज करा, महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणा, हा सल्ला अजूनही दिला जातो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. १९९१ साली सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही. हिला मारतात त्या दोन गोष्टी: उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि लाइन जाईल या धास्तीने फोन टिनाच्या छपराखाली रात्रभर चार्जरलाच असतो. म्हणजे दोन्ही एकदम.

आत काय होतं? चार्ज होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात. अगदी पहिल्या चार्जिंगलाच आतला द्रव थोडा विघटित होऊन ग्राफाइटवर काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो. त्याला एसईआय म्हणतात. तो आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो, म्हणून उरलेला द्रव वाचतो. हा पापुद्रा नसता तर ही बॅटरी चाललीच नसती. पण भरताना ग्राफाइट सुमारे दहा टक्के फुगतं, रिकामं होताना आकसतं, आणि पापुद्र्याला भेगा जातात. मग शेणाने सारवलेल्या भिंतीसारखं, भेग पडली की पुन्हा सारवण. फक्त हे सारवण लिथियम खर्चून होतं आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. पूर्ण भरलेल्या ग्राफाइटचं विभव (विद्युत पातळी) सर्वांत खाली असतं, त्यामुळे द्रव जास्त विघटतो. त्यात तापमान दहा अंशांनी चढलं की वेग ढोबळमानाने दुप्पट. २५ अंशांत, ४० टक्के चार्जवर वर्षभर पडून असलेल्या बॅटरीची साधारण ९६ टक्के क्षमता उरते. ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर ६५ च्या आसपास.

म्हणून चार्जिंग पहाटेच्या गारव्यात करा, कव्हर काढून, उशीखाली नाही. ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल तर चालू करा. फ्रिजमध्ये फोन ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. ‘बॅटरी थंड करणारी’ अ‍ॅप्स मात्र खुशाल काढून टाका. अ‍ॅपजवळ ना पंखा ना पाणी.

कपाशीच्या फवारणी पंपाचं गणित वेगळं. अनेक पंपांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती चांगली दोन-अडीच किलो भरते. तिचा नियम नेमका उलटा: रिकामी पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. हंगाम संपला की ती पूर्ण भरा, पुढे महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. पंप लिथियमवरचा असेल तर बॅटरी अर्ध्यावर आणून गार खोलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांनी तपासा. सेल फार खाली, २ व्होल्टच्याही खाली गेला तर आतली तांब्याची पत्री विरघळू लागते. असा सेल थेट करंट देऊन ‘उठवला’ की आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

चार्जरची अदलाबदल तर नकोच. तीन सेलांच्या लिथियम पॅकला १२.६ व्होल्ट पुरतात, लेड-अ‍ॅसिडचा चार्जर १४.४ पर्यंत जातो. आतलं संरक्षक सर्किट बिघडलेलं असेल तर सेल फुगतात, पेटूही शकतात. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढू नका, चार्जरला तर लावूच नका.