नॅस्टर्शियमची फुलं खायची आहेत? मग वेली की झुडपी, हे आधी ठरवा

वेली आणि झुडपी नॅस्टर्शियमचं बी शेजारी-शेजारी ठेवलं तर कुठलं कशाचं हे सांगता येत नाही. दोन्ही वाटाण्याएवढी, सुरकुतलेली, फिकट तपकिरी. पानंही तशीच: गोल, देठ मागून जवळजवळ मधोमध चिकटलेला, पाणी पडलं की थेंब घरंगळून जातात. त्यामुळे घोळ लक्षात येतो तेव्हा लहान कुंडीतून वेल बाहेर पडून पसरलेली असते.

वनस्पतिशास्त्रात मोठी वेल ती ट्रोपिओलम माजुस आणि लहान चणीची ट्रोपिओलम मायनस. दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. पण पाकिटावरच्या लॅटिन नावावर विसंबू नका. बाजारातले बरेच बुटके वाण माजुसमधूनच किंवा संकरातून आलेले आहेत. नावापेक्षा उंची वाचा. ३० सेंटिमीटरच्या आसपास लिहिलं असेल तर झुडपी, दोन मीटर किंवा जास्त असेल तर वेल. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, ‘अलास्का’ आणि ‘व्हर्लीबर्ड’ हे झुडपी. पाकीट हरवलं असेल तर रोपाकडे बघा: दोन पानांमधलं अंतर भराभर वाढू लागलं की ती वेल.

या वेलीला काकडीसारखे ताणे नसतात. ती पानांच्या देठांनीच आधाराला विळखा घालते, म्हणून जाड बांबू तिच्या उपयोगाचा नाही, बारीक तार किंवा जाळी हवी. जागा असेल तर वेल भरपूर फुलं देते, पण ती सगळीकडे विखुरलेली असतात. रोज सॅलडवर चार फुलं टाकायची असतील तर माझं मत झुडपीला. हाताशी असते, कुंडीत मावते आणि नवे वाण फुलं पानांच्या वर धरतात, शोधत बसावं लागत नाही.

आता चवीचं. फुलाच्या मागे एक लांब, निमुळती नळी असते, तिच्यात मध साठतो. नळीचं टोक दाताखाली धरलं की आधी गोड थेंब लागतो आणि मग पाकळीचा तिखटपणा नाकात चढतो. हा तिखटपणा मोहरीच्या जातीचा: पेशी चिरडल्या की बेंझिल आयसोथायोसायनेट नावाचं तिखट रसायन तयार होतं. शिजवलं तर तो जातो, म्हणून फुलं कच्चीच, अगदी शेवटी घालावीत. मात्र मधामागोमाग मुंग्या आणि बारीक किडेही नळीत शिरतात. फूल उलटं धरून टिचकी मारा, मग पाण्यातून काढा. ‘व्हर्लीबर्ड’च्या फुलाला ही नळीच नसते. साफ करायला सोपं, पण तो गोड थेंबही नाही. मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

मातीच्या बाबतीत दोन्ही सारख्याच हट्टी. लाड केले की बिघडतात. नत्रयुक्त खत घातलं की पानं माजतात आणि फुलं रुसतात, त्यामुळे हलकी, निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन पुरे. बी रात्रभर भिजवून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल, जिथे वाढवायचं तिथेच पेरावं, कारण मुळं हलवलेली चालत नाहीत. कडक उन्हाळ्यात दोघीही फुलायच्या थांबतात.

मावा दोन्हींवर येतो, आणि कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्याही. खायच्या झाडावर कीटकनाशक मारायचं नाही, पाण्याची जोरदार धार मारून मावा पाडायचा. नर्सरीतून फुललेलं रोप आणलंत तर त्याची आधीची फुलं खाऊ नका. शोभेच्या झाडांवर काय फवारलंय ते सांगता येत नाही.

हिरव्या बिया व्हिनेगरमध्ये मुरवून केपर्ससारख्या (केपर्स म्हणजे मुरवलेल्या आंबट-खारट कळ्या) वापरायच्या असतील तर मात्र वेलच लावा, झुडपीच्या एका कुंडीत बरणी भरत नाही. त्या कोवळ्या असतानाच तोडाव्यात, पिकल्या की टणक होतात.