मजकूर फाइलीतून ठरावीक तारखांच्या ओळी कशा काढल्या जातात : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महिना उलटला की पहिल्या आठवड्यात आमच्याकडे ठरलेला फोन येतो. उतारा (म्हणजे फाइलीतून निवडून काढलेल्या ओळी) मिळाला, पण बेरीज जुळत नाही, महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या पावत्या गेल्या कुठे, असे विचारणारे ग्राहक कधी मुंबईच्या दारूखाना भागातील भंगार व्यापारी असतात, कधी मशीद बंदरातील घाऊक पेढीचे अकाउंटंट, तर कधी एखाद्या शीतगृहाचे व्यवस्थापक. पावत्या कुठेही गेलेल्या नसतात. मूळ फाइलीत त्या जिथल्या तिथे असतात, फक्त उताऱ्यात उतरलेल्या नसतात. असे का होते, आम्ही ते कसे टाळतो आणि आपल्या बाजूने कोणती काळजी घेतल्यास ते मुळातच होणार नाही, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

आपल्या वजनकाट्याचा संगणक, गोदामाचे आवक-जावक रजिस्टर, शीतगृहातील तापमापक किंवा आपल्या वेबसाइटचा सर्व्हर आपापल्या नोंदी साध्या मजकूर फाइलीत लिहीत असतो आणि सर्वसाधारणपणे एका नोंदीची एक ओळ होते. दर पाच मिनिटांनी तापमान टिपणारे यंत्र दिवसाला २८८ ओळी लिहिते, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ८,६४० आणि वर्षभरात एक लाखाहून अधिक. त्यातून विमा सर्वेक्षकाला हवे असलेले पंधरा दिवस, जीएसटी विवरणपत्रासाठी लागणारा एक महिना किंवा सीएंना हवे असलेले १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष वेगळे काढणे हे शेल स्क्रिप्टचे, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञा ओळीने लिहिलेल्या छोट्या फाइलीचे, काम आहे. त्यासाठी आम्ही युनिक्स या संगणकप्रणालीच्या घराण्यातील (लिनक्स त्यातलीच) जुनी, विनामूल्य आणि लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर आधीपासून असलेली साधने वापरतो : ओळी शोधणारे ग्रेप, ओळींत फेरफार करणारे सेड, त्यांचा क्रम लावणारे सॉर्ट आणि मुख्यतः ऑक. ऑक हे साधन १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी तयार केले आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच त्याला ते नाव मिळाले. ते प्रत्येक ओळ स्वतःच रकान्यांत तोडते आणि ‘पहिल्या रकान्यात अमुक असेल तरच ही ओळ छाप’ अशी अट त्याला एका वाक्यात घालता येते, म्हणून तारखांच्या कामाला आमची पहिली पसंती त्यालाच असते.

संगणकाला तारीख दिसत नाही

कीर्द चाळणाऱ्या माणसाला ३० मार्चनंतर ५ एप्रिल येतो हे सांगावे लागत नाही. स्क्रिप्टला मात्र तारीख म्हणजे काय हे ठाऊक नसते. तिच्या लेखी ती अक्षरांची एक माळ असते आणि दोन माळांची तुलना ती शब्दकोशातल्यासारखी डावीकडून एकेक अक्षर घेऊन करते. त्यामुळे आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे दिवस आधी आणि वर्ष शेवटी, तारीख लिहिलेली असेल तर ‘०५-०४-२०२४’ ही तारीख ‘३०-०३-२०२४’ पेक्षा लहान ठरते, कारण पहिल्याच जागी शून्य हे तीनपेक्षा लहान आहे आणि तुलना तिथेच संपते. याचा परिणाम किती विचित्र होतो ते पाहावे. अशा फाइलीवर ‘०१-०४-२०२४ ते ३०-०४-२०२४’ अशी सरळ अट लावली, तर ‘१५-०८-१९४७’ ही तारीखसुद्धा त्या दोन टोकांच्या मधे बसते आणि स्वातंत्र्यदिन बिनदिक्कत २०२४ च्या एप्रिल महिन्यात दाखल होतो. स्क्रिप्ट कोणतीही चूक दाखवत नाही. ओळी छापते आणि मोकळी होते.

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि महिना व दिवस नेहमी दोन अंकी, असे लिहिले की हा प्रश्न उरत नाही, कारण मग अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झाले; त्यातील तारखेची मांडणी नेमकी हीच आहे. आपले सॉफ्टवेअर बसवणाऱ्या तंत्रज्ञाला एवढा एकच बदल करण्यास सांगावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तो शक्य नसेल तरी काम अडत नाही : ‘३०-०४-२०२४’ मधील सातव्या अक्षरापासून चार, चौथ्यापासून दोन आणि पहिल्यापासून दोन अक्षरे उचलून आम्ही ऑकमध्येच ‘२०२४०४३०’ असा क्रमांक जुळवतो आणि तुलना त्या क्रमांकाची करतो. कुणी ‘५/४/२०२४’ असे शून्याशिवाय लिहिले असेल तर ही जागा मोजण्याची युक्ती फसते. तेव्हा तिरक्या रेघेवर तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला हवे तेवढे शून्य जोडावे लागते. सर्व्हरच्या नोंदींत महिना इंग्रजी तीन अक्षरांत, म्हणजे ‘एपीआर’ किंवा ‘एयूजी’ असा, लिहिलेला असतो. वर्णक्रमाने एप्रिलनंतर ऑगस्ट येतो आणि जानेवारी पाचवा लागतो, म्हणून तिथे बारा महिन्यांचा तक्ता देऊन नावाचा आधी आकडा करून घ्यावा लागतो.

एक खुलासा येथेच करावासा वाटतो. या पत्रकात आकडे मराठी छापले आहेत, फाइलीत मात्र ते इंग्रजीच असले पाहिजेत. मोबाइलवरून मराठी कीबोर्डने भरलेल्या रजिस्टरांत मधूनच एखादी तारीख देवनागरी अंकांत येते; माणसाला ती खटकतही नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या तक्त्यात, देवनागरी अंकांची जागा इंग्रजी अंकांच्या कितीतरी पुढे आहे, त्यामुळे तशी ओळ कोणत्याही वरच्या मर्यादेपेक्षा मोठी ठरून उताऱ्याबाहेर राहते. मराठीचा आग्रह आम्हालाही आहे, पण तो शेऱ्याच्या रकान्यात पाळावा.

शेवटचा दिवस का गळतो

आता मूळ तक्रारीकडे येऊ. वजनकाट्याच्या फाइलीतील एक ओळ अशी असते :

२०२४-०४-३० १८:४२, ११०७, ट्रक, १६४२०, ६९८०, ९४४०

तारीख आणि वेळ, पावतीचा क्रमांक, वाहनाचा प्रकार, भरलेल्या गाडीचे वजन, खाली गाडीचे वजन आणि निव्वळ माल किलोत. एप्रिलचा उतारा हवा म्हणून कुणी ‘पहिला रकाना २०२४-०४-०१ पासून २०२४-०४-३० पर्यंत’ अशी अट लिहितो आणि ती वाचायला अगदी बरोबर वाटते. परंतु येथे रकाने स्वल्पविरामावर तोडलेले असल्याने पहिल्या रकान्यात तारखेच्या मागे वेळही आहे. स्क्रिप्ट ‘२०२४-०४-३० १८:४२’ ही माळ ‘२०२४-०४-३०’ या माळेशी ताडून पाहते, पहिली दहा अक्षरे सारखी निघतात, आणि अकराव्या जागी एकीकडे अजून अक्षरे आहेत तर दुसरीकडे काहीच नाही. लांब माळ मोठी ठरते. ३० तारखेची प्रत्येक पावती अशा प्रकारे वरच्या मर्यादेच्या बाहेर जाते आणि काट्यावर दिवसभरात कितीही गाड्या लागल्या असल्या तरी उतारा २९ तारखेच्या रात्री संपतो.

यावरचा आमचा उपाय साधा आहे आणि आम्ही तो सर्व ग्राहकांच्या स्क्रिप्टमध्ये लावला आहे. वरची मर्यादा ‘३० एप्रिलपर्यंत’ अशी न लिहिता ‘१ मेपेक्षा लहान’ अशी लिहायची. मग वेळ असो वा नसो, सेकंद लिहिलेले असोत वा नसोत, महिना २८ दिवसांचा असो की ३१, अट बदलावी लागत नाही. आर्थिक वर्षासाठीही ‘१ एप्रिलपासून पुढे आणि पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलच्या आधी’ असेच सांगितले जाते.

ग्रेप वापरून हे काम आणखी लवकर होते, असे काही जाणकार ग्राहक सुचवतात आणि एका महिन्यापुरते ते खरे आहे. मात्र ग्रेप संपूर्ण ओळीत शोधते. बिलाची तारीख २८ मार्च आणि पैसे देण्याची मुदत २७ एप्रिल असेल, तर ‘२०२४-०४’ शोधताना ते मार्चचे बिलही हाती येते; म्हणून ओळीच्या आरंभीच शोधण्याची खूण घालणे आवश्यक असते. सेडमधील ‘या खुणेपासून त्या खुणेपर्यंत’ ही सोय आम्ही तारखांसाठी वापरत नाही. सुरुवातीची तारीख रविवार असेल आणि त्या दिवशी काटा बंद असेल तर खूणच सापडत नाही आणि उतारा कोरा येतो. शेवटची तारीख नसेल तर फाइल संपेपर्यंत सगळे छापले जाते. आणि ती असेल तर त्या दिवसाच्या पहिल्याच ओळीवर छपाई थांबते. दोन काट्यांच्या फाइली एकाखाली एक जोडलेल्या असल्या तर ओळींचा क्रमही भरवशाचा राहत नाही. ऑक प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासते, त्यामुळे क्रम बिघडला तरी निवड बिघडत नाही.

सर्व्हरची रात्र आणि मुंबईची पहाट

ज्यांच्या वेबसाइटच्या नोंदी आम्ही सांभाळतो त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे, इतरांनी तो सोडून दिला तरी चालेल. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे यूटीसीने, नोंदी लिहितात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे ५ वाजता मुंबईतून केलेली मागणी सर्व्हरच्या फाइलीत ३१ मार्च, रात्री ११:३० अशी दिसते. मध्यरात्रीपासून पहाटे ५:२९ पर्यंतच्या सर्व नोंदी अशा रीतीने आदल्या तारखेला पडतात आणि महिन्याच्या टोकाला आदल्या महिन्यात, किंबहुना मार्चअखेरीस आदल्या आर्थिक वर्षातच, जातात. (भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यावरही या शहरात तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ बरीच वर्षे चालत होती. एका गावात दोन घड्याळे ही अडचण आपल्याला नवी नाही.) आम्ही अशा फाइलींची टोके साडेपाच तास मागे सरकवतो आणि उताऱ्याच्या माथ्यावर ‘भारतीय वेळेनुसार’ असा शेरा लिहितो. एखाद्या उताऱ्यात १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३० अशी नोंद दिसल्यास ती जुनी नोंद समजू नये. युनिक्स प्रणाली वेळ सेकंदांत मोजते, ते सेकंद त्या क्षणापासून मोजले जातात आणि तारखेच्या जागी शून्य पडल्याची ती खूण आहे.

‘मागचा महिना’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा लागतो, हे आम्ही स्वतः चूक करून शिकलो. आमची एक स्क्रिप्ट डेट या आज्ञेला ‘एक महिन्यापूर्वीची तारीख दे’ असे विचारून त्या महिन्याचा उतारा काढत असे आणि ती कित्येक महिने बिनतक्रार चालली. पुढे ती ३१ मार्चला चालवली गेली. एक महिना मागे म्हणजे ३१ फेब्रुवारी, आणि तसा दिवस नसल्यामुळे डेटने उरलेले दिवस पुढे मोजून ३ मार्च हे उत्तर दिले. ग्राहकाला फेब्रुवारीऐवजी मार्चचा उतारा गेला आणि तोही वरकरणी व्यवस्थित. तेव्हापासून आम्ही चालू महिन्याची १ तारीख घेतो, तिच्यातून एक दिवस वजा करतो आणि जो महिना येईल तो मागचा महिना धरतो. मॅकवरील डेट या आज्ञेची भाषा लिनक्सपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे आमची स्क्रिप्ट आपल्या मॅकवर जशीच्या तशी चालणार नाही.

फाइल आमच्याकडे देण्यापूर्वी

कृपया मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. एक्सेल तारीख ओळखते आणि सेव्ह करताना त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे पुन्हा लिहिते. सेटिंग अमेरिकेचे असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. १३ पासून पुढचे दिवस ही अदलाबदल उघडी पाडतात, पण ४ मे की ५ एप्रिल हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. फाइल पाहायचीच असेल तर प्रत काढून ती उघडावी. विंडोजवरून आलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे अक्षर असते, आणि तारीख शेवटच्या रकान्यात असल्यास ते तिला चिकटून ‘बरोबर अमुक तारीख’ ही अट खोटी ठरवते. काही फाइलींच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट असतात आणि त्यांच्यामुळे पहिली ओळ गळते. ही दोन्ही आम्ही आधीच काढून टाकतो, त्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही. पक्षकाराच्या नावात किंवा पत्त्यात स्वल्पविराम असेल तर रकाने सरकतात, म्हणून तारखेचा रकाना नेहमी पहिला ठेवावा.

एकाच नोंदीच्या अनेक ओळी असतील, उदाहरणार्थ सर्व्हरच्या बिघाडाचे वर्णन, तर तारीख फक्त पहिल्या ओळीवर असते. अशा ठिकाणी ऑक शेवटच्या तारखेचा निकाल लक्षात ठेवते आणि पुढची तारीख येईपर्यंतच्या ओळींना तोच लावते.

प्रत्येक उताऱ्यासोबत आम्ही चार आकडे देतो : मर्यादेच्या आधीच्या ओळी, मर्यादेतील ओळी, नंतरच्या ओळी, आणि तारीख न ओळखता आलेल्या ओळी. चारही आकड्यांची बेरीज मूळ फाइलीतील एकूण ओळींइतकी झालीच पाहिजे. ती एकाने जास्त भरली तर बहुधा फाइलीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नसतो आणि ओळी मोजणारी डब्ल्यूसी ही आज्ञा तेवढी ओळ धरत नाही. चौथ्या प्रकारच्या ओळी आम्ही टाकून देत नाही. त्या वेगळ्या फाइलीत जोडून पाठवतो, कारण ३० फेब्रुवारी लिहिलेल्या पावतीवरचा माल खरोखर कोणत्या दिवशी उतरला, हे आपल्या काट्यावरच्या माणसालाच सांगता येईल.

उतारा मागताना ‘एप्रिलचा द्या’ एवढेच न कळवता तारीख कोणती धरायची, पावतीची, माल उतरल्याची की पैसे मिळाल्याची, तेही लिहून कळवावे.