शहर आवडतं की शहर मानवतं?

उंच इमारतीच्या कठड्यावर ससाण्याची जोडी बसलेली दिसली किंवा चौकावर घारी घिरट्या घालू लागल्या, की मथळा ठरलेलाच असतो: शिकारी पक्ष्यांनी शहर आपलंसं केलं. पण पक्ष्याने एखादी जागा निवडणं वेगळं आणि त्या जागी त्याचा वंश टिकणं वेगळं. पहिली गोष्ट रस्त्यावरून मान वर केली की दिसते. दुसरी कळायला वर्षानुवर्षं घरट्यांवर नजर ठेवावी लागते, पिल्लांच्या पायांत कडी घालावी लागतात आणि मेलेल्यांचाही हिशोब मांडावा लागतो.

व्हिएन्नातल्या खरुचींकडे बघा. खरुची हा पारव्याएवढा छोटा ससाणा. हवेत एका जागी फडफडत थांबायचं, खालच्या गवतातला उंदीर हेरायचा आणि झेप घ्यायची, ही त्याची शिकारीची रीत. घरटं मात्र तो स्वतः बांधत नाही. कड्यातली खोबण किंवा कावळ्याने सोडून दिलेलं घरटं त्याला पुरतं. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती भागात जुन्या, नक्षीदार इमारतींच्या भिंतींत आणि माळ्यांच्या झरोक्यांत अशा खोबणी जागोजाग आहेत. त्यामुळे खरुचींची घरटी सर्वांत दाट आढळतात ती शहराच्या ऐन गाभ्यात. कुणीही म्हणेल, बस्तान छान बसलंय!

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र उलटं चित्र दिसलं. गाभ्यातली घरटी जास्त प्रमाणात फसत होती आणि उडून जाणारी पिल्लं कमी होती. कारण साधं होतं. घराला जागा होती, ताटात उंदीर नव्हता. गवताळ जमीन दूर, म्हणून पक्षी जवळच्या छोट्या पाखरांवर वळले. पण गवतातल्या उंदरासाठी घडलेल्या शिकाऱ्याला सावध, चपळ पाखरू पकडणं महागात पडतं. खोबण बघून पक्षी जागा पसंत करतो आणि पुढचं सगळं भक्ष्यावर ठरतं. रानात या दोन गोष्टी बहुधा जवळजवळ असतात. शहरात त्यांची फारकत होते. अशा जागेला अभ्यासक ‘पर्यावरणीय सापळा’ म्हणतात: दिसायला उत्तम, राहायला वाईट.

मग घरट्यात किती पिल्लं मरतात एवढं मोजलं की निकाल लागला? तसंही नाही. अमेरिकेतल्या टुसॉन शहरातल्या कूपर्स हॉक या शिकारी पक्ष्याची गोष्ट मला म्हणूनच जास्त उद्बोधक वाटते. तिथे खाण्याची चंगळ होती, कारण होले आणि पारवे मुबलक. शहरातल्या माद्या लवकर वीण सुरू करायच्या, अंडीही जास्त घालायच्या. पण याच भक्ष्यातून ट्रायकोमोनास नावाचा परजीवी पिल्लांच्या तोंडात जायचा. घशात गाठी धरतात, पिल्लाला गिळता येत नाही आणि ते मरतं. १९९०च्या दशकातल्या नोंदींनुसार शहरातली जवळपास निम्मी पिल्लं घरट्यातच दगावत होती, शहराबाहेर मात्र अगदी थोडी. सापळ्याचं याहून ठळक उदाहरण कुठलं मिळणार, असंच वाटतं.

पण या नोंदी करणाऱ्या अभ्यासकांपैकीच काहींनी पुढे प्रौढांचे आणि घरट्यातून उडालेल्या पिल्लांचे मृत्यूही हिशोबात धरले. २००८ साली मांडलेला निष्कर्ष असा की टुसॉन हा सापळा नाही. जी पिल्लं वाचत होती ती पुढे इतकी चांगली तगत होती, की घरट्यातला तोटा भरून निघत होता. रोगाचा जोरही वयाबरोबर ओसरतो. पिल्लाच्या तोंडातली आम्लता कमी असते, मोठेपणी ती वाढते आणि परजीवीला तिथे जम बसवणं अवघड जातं.

थोडक्यात, व्हिएन्नात गर्दी पाहून खूश होणं जितकं घाईचं, तितकंच टुसॉनमध्ये मेलेली पिल्लं पाहून शहराला दोष देणं.

बहिरी ससाण्याच्या बाबतीत घरट्याची जागा आणि भक्ष्य या दोन्ही गोष्टी शहरात बऱ्यापैकी जुळतात. उंच इमारत म्हणजे त्याच्या लेखी कडाच, आणि त्याचं भक्ष्य मुळातच हवेत उडणारं, त्यामुळे खाली गवत नसलं तरी बिघडत नाही. माँट्रिअलच्या सन लाइफ इमारतीवर १९३०-४०च्या दशकांतच एक जोडी वीण करत होती. पुढे या जातीची जी वाताहत झाली ती शहरामुळे नव्हे, अंड्यांची कवचं पातळ करणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकामुळे.

गर्दी फसवी ठरण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे पाहुणे. दिल्लीत हिवाळ्यात दिसणाऱ्या घारींमध्ये मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेल्याही असतात, त्यामुळे जानेवारीतल्या मोजणीवरून स्थानिक घारींची वीण कशी चाललीय हे कळत नाही. दुसरं कारण जास्त छुपं आहे. हद्दीचा मालक मेला की हद्द नसलेला, वाट बघत बसलेला दुसरा पक्षी ती जागा घेतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, तोच ससाणा वर्षानुवर्षं तिथे आहे. प्रत्यक्षात मालक बदलत राहतात आणि बाहेरून भरती होत असेपर्यंत कुणाला शंका येत नाही.

हे मृत्यू दिसतही नाहीत. रक्त गोठू न देणारी उंदीरनाशकं लगेच मारत नाहीत. विष खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्तपणे फिरतो, आयताच सापडतो, आणि विष पक्ष्याच्या पोटात जातं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून सुटून वर्षभर शहरात मुक्त राहिलेलं फ्लॅको हे गरुडघुबड शहराशी जमवून घेतल्याचं उदाहरण म्हणून गाजलं. फेब्रुवारी २०२४मध्ये ते मेलं. शवविच्छेदनात जबर आघाताच्या खुणा, पारव्यांमधला हर्पिस विषाणू आणि चार प्रकारची उंदीरनाशकं आढळली.

शिकारी पक्ष्यांसाठी घरटी-पेट्या बसवणाऱ्यांना हा फरक कळणं गरजेचं आहे. पेटीमुळे जागा फक्त आवडायला लागते. खरुचीसाठी पेटी लावायची, तर आधी जवळपास उंदरांचं गवताळ रान आहे का आणि त्या उंदरांना कोणी विष घालतंय का, ते बघावं. रान नसेल किंवा विष असेल, तर पेटी न लावलेलीच बरी.