चॉकलेट खाऊन बारीक होण्याची गोष्ट

मावशीने परवा पुन्हा तोच मेसेज पाठवला. रोज डार्क चॉकलेटचा तुकडा खा, वजन झपाट्याने उतरतं, जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आणि खाली हात जोडलेल्या तीन इमोजी. एरवी असे मेसेज मी न वाचताच पुढे सरकतो. याच्याबाबतीत मात्र गंमत अशी, की हे संशोधन खरोखर झालं होतं आणि जर्मनीतच झालं होतं. फक्त ते मुद्दाम, ठरवून, वाईट केलेलं होतं.

2015 सालची गोष्ट. पीटर ओनेकेन आणि डायना ल्योबल हे जर्मन टीव्ही पत्रकार आहारविषयक ‘संशोधना’च्या धंद्यावर माहितीपट करत होते. निकृष्ट अभ्यासाची ठळक बातमी होणं किती सोपं आहे, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यांनी जॉन बोहॅनन या अमेरिकन विज्ञान पत्रकाराला सोबत घेतलं. बोहॅनन रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी, म्हणजे खोट नेमकी कुठे ठेवायची हे त्याला माहीत. ‘इन्स्टिट्यूट ऑफ डाएट अँड हेल्थ’ नावाची संस्था उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, एक संकेतस्थळ तयार झालं. तेवढीच ती संस्था.

प्रयोग मात्र खोटा नव्हता. माणसं खरी, वजनकाटा खरा, रक्ताच्या तपासण्याही खऱ्या. प्रत्येकी 150 युरो देऊन स्वयंसेवक जमवले आणि त्यांचे तीन गट पाडले. एकाला कमी कर्बोदकांचा आहार, दुसऱ्याला तोच आहार अधिक रोज 42 ग्रॅम डार्क चॉकलेट, आणि तिसऱ्याने नेहमीसारखं जेवायचं. तीन आठवड्यांनी हिशेब झाला. आहार पाळणाऱ्या दोन्ही गटांचं वजन साधारण सव्वादोन किलोने उतरलं होतं, पण चॉकलेटवाल्यांचं 10 टक्के जास्त वेगाने!

आता मेख कुठे आहे ते पाहू. शेवटपर्यंत टिकलेली माणसं होती 15. म्हणजे एका गटात जेमतेम पाच. आपलं वजन दिवसाकाठी किलोभर इकडेतिकडे होतं. रात्री खारट खाल्लं, पाणी जास्त प्यायलं, पोट साफ झालं नाही, एवढंही पुरतं. शंभर माणसं असती तर हे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. पाच माणसांत एखाद्याच्या पोटाने सगळी सरासरी हलते.

त्याहून मोठी चलाखी दुसरीच. त्यांनी प्रत्येकाच्या एकूण 18 गोष्टी मोजल्या : वजन, कोलेस्टेरॉल, सोडियम, रक्तातली प्रथिनं, झोप कशी लागते, बरं वाटतं का, वगैरे. अशा अभ्यासांत एक सर्वमान्य रेषा असते. चॉकलेटचा काहीही परिणाम नसताना एवढा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी असेल, तर निष्कर्ष ‘लक्षणीय’ धरतात. 5 टक्के म्हणजे 20 त एक. एका डब्यात 20 चिठ्ठ्या टाका, त्यातल्या एकीवरच ‘चमत्कार’ लिहा. डोळे मिटून एकदा हात घातला तर बहुतेक वेळा कोरी चिठ्ठी येणार. पण चिठ्ठी परत टाकून 18 वेळा हात घातला, तर एकदा तरी चमत्कार हाती लागण्याची शक्यता जवळजवळ 60 टक्के होते. हे गणित 18 मोजमापांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून केलंय, तरी मुद्दा कळतो. चमत्कार वजनाच्या रकान्यात निघाला म्हणून बातमी वजनाची झाली. झोपेच्या रकान्यात निघाला असता तर मावशीने ‘शांत झोपेसाठी चॉकलेट’ पाठवलं असतं.

शोधनिबंध एका नियतकालिकाने 600 युरो घेऊन, एक शब्दही न बदलता छापला. प्रसिद्धिपत्रक गेलं आणि मार्च 2015 च्या अखेरीस ‘बिल्ड’ या जर्मनीतल्या बलाढ्य दैनिकाने बातमी पहिल्या पानावर घेतली. जर्मनविंग्जचं विमान आल्प्समध्ये कोसळून काहीच दिवस झाले होते. त्या बातमीखाली हे चॉकलेट. तिथून ती 20 हून जास्त देशांत फिरली, भारतातही आली.

मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील पुढचा वाटतो. मोजक्या पत्रकारांनी बोहॅननशी संपर्क केला, पण माणसं किती होती हे विचारलंच नाही. बाहेरच्या एखाद्या आहारतज्ज्ञाचं मत घेण्याचे कष्टही कुणी घेतल्याचं दिसलं नाही. खाण्यातल्या कॅलरी मोजल्या होत्या का, हा प्रश्न विचारला तो बातमीखाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्या साध्या वाचकांनी. संपादकांच्या टेबलावर जे सुचलं नाही, ते चहा पिता पिता कुणाला तरी सुचलं.

मे महिन्यात बोहॅननने सगळा बनाव स्वतःच उघड केला. त्याच्यावर टीकाही झाली आणि तीही मला पटते. प्रयोगातल्या माणसांना खरा हेतू सांगितलेला नव्हता, आणि फसलेल्या वाचकांपैकी किती जणांपर्यंत खुलासा पोचला असेल? मावशीपर्यंत तर नाहीच पोचला.

शिवाय आकडेमोडीतली खोट वाचकाला निदान शोधता तरी येते. संशोधनामागे पैसा कुणाचा, हे निबंध कितीही वेळा वाचून नेहमीच कळेल असं नाही. तिथे बातमीदाराची चिकाटी लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या अनाहद ओ’कॉनर यांनी ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’चं प्रकरण बाहेर काढलं. नाव भारदस्त, माणसं विद्यापीठातली. सांगणं असं की लठ्ठपणाबाबत लोक खाण्यापिण्यावर फार भर देतात, व्यायामावर पुरेसा देत नाहीत. ऐकायला गैर काय? पण ही संघटना उभी करायला कोका-कोलाने 15 लाख डॉलर दिले होते. गोड पेयं विकणाऱ्यांना ‘धावा, प्या’ हा सल्ला सोयीचाच. वर्ष संपायच्या आत संघटना गुंडाळली गेली. व्यायाम चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण हा सल्ला कुणाच्या खर्चाने दिला जातोय हे लोकांना आधी कळायला हवं होतं.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अरे, पण डार्क चॉकलेट चांगलंच असतं ना?” मी म्हटलं, वेष्टन उलटं कर आणि घटकांची यादी वाच. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. फोनवर खुडबुड ऐकू आली, मग चष्मा शोधणं झालं.

“साखर,” ती म्हणाली. “पहिलं नाव साखर आहे.”

प्रयोगातलं चॉकलेट 81 टक्के कोकोचं होतं, कडू. तेही रोज 42 ग्रॅम खाल्लं तर दोन-अडीच पोळ्यांइतक्या कॅलरी होतात, असं मी पुढे सांगत होतो. तोवर तिने एक तुकडा तोंडात टाकला होता.